सुपडूचा कोरडा वाफा

फार वर्षांपूर्वी पांझरेच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावाला सुपडू नावाचा पाटकरी होता. बंधाऱ्याचं पाणी पाटानं कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे तो ठरवी. पण त्याआधी, दर दिवाळीनंतर, तो आपलं फावडं बंधाऱ्यावर आडवं ठेवी. घरटी एक माणूस येई, फावड्याला हात लावी आणि म्हणे, "तुन्हा हातनं पानी लेसूत." तुझ्या हातून पाणी घेऊ, असा तो त्या सालापुरता होकार; एक जरी हात राहिला, तरी पाणी थांबे.

एका साली जहागीरदारानं त्याला पागोटं बांधलं. आता तू जन्माचा पाटकरी, दरसाल लोकांच्या तोंडाकडे काय बघतोस, म्हणाला. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं सुपडूचं झालं. त्या साली फावडं खाली ठेवलंच नाही. कुणी नाही म्हणालं नाही, तोच त्यानं होकार धरला.

पाणी त्यानं नेहमीसारखंच चोख वाटलं. पण पूर्वी बांधाबांधावरून त्याला भाकरी खायला हाक यायची, ती थांबली. लोक वाट सोडून उभे राहू लागले. त्या एका हाकेसाठी त्याचा जीव तुटायचा. शेवटी तो पाटाच्या शेपटाला, म्हणजे अगदी टोकाला, ठगूबाई म्हातारीच्या शेतावर गेला; त्याच्या खाली फक्त सुपडूचाच एक वाफा होता. पाणी मिळून तिचा गहू पोटरीला, ओंबी धरायला आला होता. तरी ती म्हणाली, "पानी ऊनं भाऊ, पन माले कोन्ही इचारं नही."

पुढच्या दिवाळीनंतर सुपडूनं पागोटं परत धाडलं आणि फावडं ठेवून बंधाऱ्यावर बसला. जहागीरदाराच्या धाकानं कुणी फिरकेना. शिपायांनी येऊन पाटाचं दार उघडलं, पण पाणी तोंडाशीच उभं राहिलं, आत शिरेना, असं म्हणतात. दिवस कलला तेव्हा ठगूबाई काठी टेकत आली. तिनं फावड्याला हात लावला. मग तिच्यामागून सगळं गाव आलं. शेवटचा हात लागला आणि पाणी धावलं.

सुपडू डोळे पुसत पाण्यापुढे चालू लागला. प्रत्येक बांधावरून त्याला हाक आली. पाणी शेपटाला पोचलं, सुपडू मात्र पोचला नाही. तो पाण्यातच मिसळला, असं म्हणतात. ठगूबाईच्या शेताखालचा त्याचा वाफा तसाच कोरडा राहिला.

अजूनही त्या गावात दिवाळीनंतर फावडं ठेवतात. पहिला हात शेपटाकडच्या घराचा. सगळे हात लागले की पाटकरी खालच्या अंगाला तोंड करून विचारतो, "सुपडूभाऊ, तुन्हा वाफाले पानी सोडूत, चाली का?" सगळं गाव कान देऊन थांबतं. उत्तर येत नाही. गप्प राहण्याला तिथं कुणी होकार धरत नाही. म्हणून सगळ्या हिरव्या गव्हाच्या टोकाला सुपडूचा वाफा दरसाल कोरडा राहतो.