न घातलेली चूक

“…मग आता तपासायचं राहिलंय तरी काय, सर?”

केतकी रणपिसेने हे जरा चढ्या आवाजातच विचारलं.

मुजावर सर समोरच्या व्हेंटिलेटरकडे बघत होते. मिरजेतल्या एका छोट्या कारखान्यात ही यंत्रं बनत. यंत्राच्या आतला सगळा कारभार चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम केतकीच्या गटाने लिहिली होती. शेवटची तपासणी सरांकडे होती; त्यांनी होकार दिला की यंत्रं दवाखान्यांत जाणार होती.

“चालतं, ते पाहिलं,” सर म्हणाले. “मोडतं कसं, ते दाखव.”

“मोडतच नाही.”

“मग तू मोड.”

केतकीने एक प्रोग्राम लिहिला. सिस्टीम चालू असताना तिच्यात मुद्दाम चुका सोडायच्या, एवढंच त्याचं काम. मेमरीतला आकडा बिघडवायचा, चाललेलं काम अर्ध्यात तोडायचं, उत्तर उशिरा द्यायचं…

फुप्फुसाच्या जागी यंत्राला रबरी पिशवी जोडलेली होती. चुका पडत राहिल्या. पिशवी फुगत राहिली.

काही दिवसांनी ती सरांना बोलावून घेऊन आली.

“सगळ्या चुका पचवल्या, सर. एकदाही बंद पडलं नाही.”

“चुका कुणी निवडल्या?”

“मीच.”

“हं…”

सर उठले. त्यांनी पिशवी काढून तिथे मास्क जोडला आणि शेजारच्या बाकावर सरळ आडवे झाले.

“आता घाल चूक. कुठेही.”

“सर, हे काय भलतंच!”

सरांनी मास्क तोंडावर चढवला आणि डोळे मिटले. त्यांची छाती यंत्राच्या तालावर वरखाली होऊ लागली.

केतकी कीबोर्डपुढे बसली. रोजची एखादी चूक सोडून मोकळं व्हावं, असं तिला वाटलं. पण सर ‘कुठेही’ म्हणाले होते. ती कोड वरून खाली बघत गेली… आणि एका ठिकाणी तिचा हात थांबला.

सरांनी मास्क उचलला.

“काय झालं?”

“एक जागा आहे, सर… तिथे मी कधी चूक घातलीच नाही.”

“का?”

“हवेचा दाब वाचणारा भाग आहे तो. मी स्वतः लिहिलाय. गरजच वाटली नाही.”

“मग आत्ता का थांबलीस?”

केतकीने बाकावर आडव्या झालेल्या सरांकडे पाहिलं.

सरांनी मास्क काढून तिच्या हातात दिला. तिने पिशवी परत जोडली आणि चूक नेमकी त्याच जागी सोडली.

पिशवी खाली बसली. पुन्हा वर आली नाही.

पडद्यावर मात्र दाबाचा शेवटचा चांगला आकडा हिरव्या रंगात तसाच झळकत होता. धोक्याचा भोंगा वाजला नाही. यंत्राच्या लेखी सगळं ठीक चाललं होतं.



“मी तर तुमचा होकार घ्यायला आले होते,” केतकी बसलेली पिशवी हातात घेत हळूच म्हणाली. 

“रबराची आहे ती,” सर म्हणाले. “बस. दुरुस्त कर.”

तिने चुका निवडायचं काम गटातल्या इतरांवर सोपवलं आणि आपला भाग सगळ्यांत आधी त्यांच्यापुढे ठेवला. सिस्टीम पुष्कळदा कोसळली. प्रत्येक वेळी केतकी कारण शोधत बसली. दाबाचा आकडा ताजा आहे की शिळा, यावर पहारा ठेवायला आणि शिळा झाला की भोंगा वाजवायला तिने एक वेगळा भाग लिहिला.

शेवटी सरांनी स्वतः मनाला येतील तिथे चुका सोडून पाहिल्या. मग मान हलवली.

“जाऊ दे दवाखान्यात.”

केतकीने सुटकेचा निःश्वास टाकला.

“म्हणजे आता हे बंद पडणार नाही ना, सर?”

“पडेल.”

“मग एवढं सगळं कशासाठी केलं आपण?”

“गुपचूप पडू नये म्हणून.”