जावेचे विषय

घर एक, चूल एक आणि जावा दोन, असं एक कुटुंब एका गावात राहत होतं.

थोरली प्रमिला. बारावीला शाळेत पहिली आलेली, आणि ते कुणाला विसरू न देणारी. धाकटी कावेरी. ती सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. बारावी तिचीही झाली होती, पण काठावर. लग्नं झाली आणि दोघींची पुस्तकं माळ्यावर गेली. प्रमिला पुढे, कावेरी मागे, म्हणून घरात शांतता होती.

मग गावात मुलींचं वसतिगृह बांधायला घेतलं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली तिथे राहून शिकणार होत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई नेमायची ठरली. बाई गावातलीच हवी, आणि वसतिगृह उघडेल त्या दिवशी तिच्या हातात पदवी हवी.

"ते काम माझंच," प्रमिला म्हणाली. "या घरात काय, या आळीत तरी माझ्याएवढं शिकलंय कोण?"

कावेरी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "अक्का, मीपण प्रयत्न करते म्हणते."

झालं! प्रमिलाच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. आज हिने पदवी मागितली, उद्या ही माझ्यापुढे चालणार, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशीची भाकरी तिला गोड लागली नाही.

दोघी तालुक्याच्या अभ्यासकेंद्रात गेल्या. तिथे शिंत्रे मॅडम म्हणून एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "साध्या वाटेने गेलात तर पदवीला तीन वर्षं लागतात. तुमचं वसतिगृह दोन वर्षांत उघडणार. पण आपल्या विद्यापीठात एक सोय आहे. काही विषय सगळ्यांना सारखे, ते करावेच लागतात. बाकीचे आपण निवडायचे. निवडलेला एखादा विषय तुम्हाला आधीच येत असेल तर तो शिकत बसू नका. थेट परीक्षा द्या. पास झालात की त्याचे श्रेयांक जमा, आणि तेवढा वेळ वाचला. जे येत नाही ते घरी बसून मोबाईलवर शिका."

"आणि थेट परीक्षेत नापास झालं तर?" कावेरीने विचारलं.

"तर तो विषय मोबाईलवर पहिल्यापासून शिकायचा, नाहीतर सोडून द्यायचा. थेट परीक्षा एकदाच मिळते. म्हणून आधी घरी जा आणि आपल्याला काय येतं त्याचा नीट विचार करा."

कावेरीने विचार केला. कानडी ती आईच्या मांडीवर शिकली होती. माहेरी रेशमाचे किडे पाळायचे, तुतीचा पाला कापून कापून तिचे हात हिरवे झालेले. हे दोन विषय तिने थेट परीक्षेला घेतले. बालसंगोपन आणि आहारशास्त्र यातलं तिला काही कळत नव्हतं. पण वसतिगृहात पोरी सांभाळायच्या तर ते लागणार, म्हणून तिने ते मोबाईलवर शिकायला घेतले.

प्रमिलाने विचारबिचार काही केला नाही. तिने कावेरीकडे पाहिलं.

तसं पाहिलं तर प्रमिलाला काय येत नव्हतं? माहेरची पाठची चार भावंडं तिने कडेवर वाढवली होती. गावात कुणाकडे बाळ झालं की न्हाऊ घालायला प्रमिलालाच बोलावणं. शाळेतल्या पोरांची खिचडी कितीतरी दिवस तिने शिजवली होती. कोणत्या पोराला काय पचतं, कोण का रडतंय, हे ती लांबून सांगायची. पण याचा कधी विषय होतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिचं सगळं लक्ष होतं जावेवर.

आणि जावेने काय केलं? कानडीच्या पुस्तकाला हातसुद्धा लावला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई शेंगा फोडत बसली होती! गेली, पेपर लिहिला, पास होऊन आली. रेशमाचंही तसंच. सासूबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली तेव्हा प्रमिलाच्या अंगाची लाही लाही झाली.

तिने मनाशी ठरवून टाकलं, ही न वाचता पास होते म्हणजे विषयच सोपे असणार. लबाड कुठली! सोपे सोपे विषय निवडून मोकळी झाली आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती अभ्यासकेंद्रात हजर.

"मॅडम, जावेने दिल्या त्याच परीक्षा मला द्यायच्यात."

"कानडी येतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"न यायला काय झालं? हिच्या आईचा फोन आला की घरात ‘ऊट आयता, ऊट आयता’ चाललेलं असतं. जेवण झालं का म्हणून विचारतात."

"अहो, पण लिहितावाचता?"

"तिला जमतं तर मला न जमायला काय झालं? बारावीला मी पहिली होते."

मॅडमनी तिचं नाव लिहून घेतलं.

कानडीचा पेपर हातात आला. पानभर जिलेब्या मांडल्यासारखी अक्षरं. एकही ओळखीचं नाही. शेवटी कोपऱ्यात तिने आपल्या बाळबोध अक्षरात ‘ऊट आयता’ एवढं लिहिलं आणि बाहेर आली. रेशमाचे किडे काय खातात, असा दुसऱ्या पेपरात प्रश्न होता. तिने ठोकून दिलं, कपाशीचा पाला.

दोन्ही विषयांत नापास.

"हरकत नाही," शिंत्रे मॅडम म्हणाल्या. "हे दोन्ही सोडा. दुसरं काहीतरी घ्या, तुमच्या हातातलं. अजून वेळ आहे."

"सोडू? आणि तिला पास झाल्याचं मिरवू देऊ? मी हेच विषय मोबाईलवर शिकेन आणि हेच पास होऊन दाखवेन!"

आता बोला! भलं सांगायला गेलं तर हे असं.

उन्हाळा लागला. त्या घरात मोबाईलला रेंज यायची ती फक्त गच्चीवर. कावेरी दुपारी कामं आटोपून गच्चीवर जायची आणि आपले पाठ ऐकायची. प्रमिलाला ते बघवेना. तिने एक युक्ती केली. सकाळी उठून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळवण घातलं. कुरडया, पापड, सांडगे. पाय ठेवायला जागा नाही, आणि वाळवण ओलांडायचं नाही, ही त्या घरची रीत.

कावेरी जिन्यात येऊन उभी राहिली. एवढं मोठं वाळवण बघून तिने काय म्हणावं?

"अक्का, तुम्ही एवढ्या दमलात. मी इथे पायरीवर बसून कावळे हाकलते. तुम्ही खाली जाऊन पडा."

रेंज वरच्या पायरीवरही येत होती. कावेरीने एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात मोबाईल. प्रमिलाचा नुसता जळफळाट झाला. खाली गेलं तर ही निवांत शिकणार! म्हणून तीही वरच बसली. स्वतःच्या मोबाईलवर कानडी बाराखडी लावलेली, पण कान जावेच्या पाठाकडे.

कावेरी मध्येच विचारायची, "अक्का, बाळाला वरचं खायला कशाने सुरू करायचं हो?"

"एवढंसुद्धा येत नाही?" प्रमिला फणकारायची. जावेला कमी दाखवायची संधी ती कशी सोडेल? "पहिल्यांदा तांदळाची पेज, पातळ. मग मूगडाळीचं पाणी. एका वेळी एकच नवीन पदार्थ, म्हणजे बाधलं तर काय बाधलं ते कळतं."

"आणि दिवसभर चिडचिड करणारी मुलगी असेल तर?"

"आधी ती काय जेवली ते विचार. मग कोण काय बोललं ते विचार. रागवायचं सगळ्यात शेवटी. बाई गं, तुला पदवी कोण देणार आहे!"

असं रोज चाललं. वाळवण वाळून डब्यांत गेलं तरी दोघींचं बसणं चालूच राहिलं. एक विचारायची आणि दुसरी हिणवत हिणवत सांगायची. कावेरी ते ऐकून ठेवायची. तिकडे कानडीची जिलेबी काही सुटेना, आणि रेशमाचे किडे पहिल्या पाठातून बाहेर पडेनात. बाकीचे विषय सुटले, पण या दोन्हींत प्रमिला पुन्हा नापास झाली. तरी सोडते कुठली!

दोन वर्षं सरली. वसतिगृहाला रंग लागला, दारावर तोरण चढलं. कावेरीच्या हातात पदवी आली आणि किल्ल्यांचा जुडगाही तिच्याच हाती आला. बालसंगोपन आणि आहारशास्त्रात तर तिला केंद्रात सगळ्यांत जास्त गुण होते.

सगळे पेढे खाऊन पांगल्यावर ती प्रमिलाजवळ आली आणि वाकून पाया पडली.

"अक्का, ते दोन विषय मोबाईलने कमी आणि तुम्ही जास्त शिकवलेत. पाठात असायचं ते तुमच्या तोंडी आधीच असायचं. एक विचारू? राग मानू नका. तुम्ही त्या विषयांच्या थेट परीक्षेला का नाही बसलात? सहज पास झाला असतात. मग पदवी माझ्याआधी तुमच्या हातात असती, आणि या किल्ल्याही."

"तू बसली नाहीस म्हणून," प्रमिला म्हणाली.

तोंडातून शब्द गेले आणि तिचे तिलाच ऐकू आले. तिचे अजून दोन विषय राहिले होते. कानडी आणि रेशीम.

तात्पर्य: मत्सर करणाऱ्याला दुसऱ्याजवळ काय आहे ते दिसतं, आपल्याजवळ काय आहे ते दिसत नाही, म्हणून वाट आखताना दुसऱ्याला काय येतं ते पाहू नये, आपल्याला काय येतं ते आधी पाहावं.