सहा वाट्यांची शपथ

एका राज्यात सिंहासनापेक्षा तराजू उंचावर होता. दरबाराच्या मधोमध, तीन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर तो उभा असे. रोज सूर्योदयाला राजा अरिंजय त्याच्या एका पारड्यात बसे आणि मापारीण शर्वाणी दुसऱ्या पारड्यात वजने ठेवी. मग ती भार सांगे आणि सारा दरबार श्वास रोखून ऐके, कारण त्या भारावर राजकन्येचे प्राण टांगलेले होते.

त्याची हकीकत अशी. वर्षापूर्वी, भर दुपारी, जटाल नावाचा मांत्रिक उपाशीपोटी राजवाड्याच्या दारी आला. राजा तेव्हा जेवत होता. अतिथी आल्याची वर्दी तीनदा गेली आणि तीनदा राजा म्हणाला, "हे ताट होऊ द्या." ताटामागून ताट होत राहिले. ऊन कलले तेव्हा जटाल उठला. अंगणात सात वर्षांची राजकन्या केतकी खेळत होती, तिच्याकडे त्याने नुसते पाहिले, आणि ती दरीपलीकडच्या कड्यावर दगडाची होऊन उभी राहिली. मग दरीवर त्याने कोळ्याच्या धाग्यांचा एक पूल विणला.

"हा पूल दोन मण भार पेलेल," तो म्हणाला, "गुंजभरही अधिक नाही. बापाने एकट्याने चालत जावे आणि लेकीच्या मस्तकावर हात ठेवावा. ती जिवंत होईल, पूल दगडी होईल. पुढच्या मार्गशीर्ष पौर्णिमेच्या मध्यान्हापर्यंत हे घडले नाही, तर पूल विरून जाईल."

त्या दिवशी राजा तीन मण दहा शेर भरला, म्हणजे पन्नास शेर अधिक.

शर्वाणीने नऊ वर्षे विद्यापीठात काढली होती आणि ऐकीव गोष्टीवर तिचा विश्वास बसत नसे. तूप, भात, मूग, दूध, गूळ, दुधी असा एकेक पदार्थ तिने स्वतः वाळवून जाळला होता, त्या आचेवर तांब्याभर पाणी ठेवून ते किती तापते हे पाहिले होते, आणि त्यावरून रुप्याच्या सहा वाट्या घडवून घेतल्या होत्या. तुपाची वाटी नखाएवढी आणि दुधीची ओंजळीएवढी, पण सहांतून निघणारी ऊब सारखीच. राजाला दिवसाला अशा सहा वाट्या मिळत. कोणत्या भरायच्या हे राजाच्या मर्जीवर, किती भरायच्या हे तिच्यावर.

पद स्वीकारताना तिने उजवा हात तराजूवर ठेवून शपथ घेतली होती, की एकदा ठरलेले माप बदलणार नाही. ती शपथ जागृत होती. माप बदलणाऱ्याचा हात तांब्याचा होत असे, सप्ताहाला एक बोट. शपथ परत घेण्याचा अधिकार राजाला होता, पण शापित राजाला नव्हता.

दहा महिने सारे सुरळीत चालले. राजा चव्वेचाळीस शेरांनी उतरला. आणि मग काटा थांबला.

"दोन मण सहा शेर," शर्वाणी म्हणाली. सलग एकविसाव्या दिवशी ती हेच म्हणत होती. पौर्णिमेला अठ्ठावीस दिवस उरले होते.

प्रधान चित्रकेतू पुढे आला. "मापारीणबाई, सहाच्या तीन वाट्या करा."

"माझी शपथ आहे, प्रधानजी."

"तुमच्या बोटांपायी राजकन्या दगडच राहू द्यायची?"

"बोटांचे मी पाहीन. पण तीन वाट्यांवर महाराज पुलापर्यंत पोहोचायचे नाहीत. कालच जिना चढताना त्यांनी तीनदा कठडा धरला."

"मग उपाय काय?"

"मला ठाऊक नाही," शर्वाणी म्हणाली. हे शब्द तिने त्या दरबारात प्रथमच उच्चारले.

राजा पारड्यातून उतरला. "शर्वाणी, मी चोरून खातो असे तुला वाटते का?"

"वाटले होते, महाराज. सात दिवस पाळत ठेवली. आपण खात नाही."

"पाळत?"

"न्हाणीघराच्या दारापर्यंत."

राजाच्या ओठांवर हसू येता येता राहिले.

मुदपाकखान्यात मुख्य आचारी सोमंभट तिची वाटच पाहत होता. "दहा पिढ्या आमच्या हातचे राजांच्या अंगी लागले, बाई. आता तुमच्या हातचा उपासही लागेना."

"काही सुचवायचे असेल तर सुचवा, भटजी."

"तळ्यावर क्रौंच उतरलेत. त्यांच्यातला म्हातारा बोलतो. त्याला विचारा."

"पक्ष्याला यातले काय कळणार?"

"तो दर वर्षी अंगावर चरबी चढवतो, ती जाळत बर्फाचे डोंगर ओलांडतो आणि परत चढवतो. तुम्ही हे किती वेळा केलेत?"

या युक्तिवादात तिला खोट सापडली नाही. ती तळ्यावर गेली.

म्हातारा क्रौंच एका पायावर उभा होता. तिचे सारे ऐकून घेतल्यावर त्याने मान वळवली. "तुझ्या राजवाड्यात कधीच बदलत नाहीत अशा तीन वस्तू आण. रोज एक."

पहिल्या दिवशी तिने राजाच्या भोजनाची वर्दी देणारी घंटा आणली. तिचा ठोका पळभरही चुकत नसे. दुसऱ्या दिवशी तिने सहा वाट्या आणल्या. तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी आली.

"सापडली नाही," ती म्हणाली. "बाकी सारे थोडेफार बदलतेच. मी तपासले."

"हात पुढे कर."

तिने उजवा हात पुढे केला. क्रौंचाने तळव्यावर हलकेच चोच टेकवली. "ही तिसरी."

शर्वाणीने तळव्याकडे पाहिले. याच हातावर शपथ होती.

"प्रत्येकाच्या जठरात एक पहारेकरी असतो," क्रौंच म्हणाला. "तो जटालाने ठेवलेला नाही. जन्मापासून असतो, आणि दुष्काळात तोच माणसाला तगवतो. तुझ्या राजाच्या पहारेकऱ्याने दहा महिने ही घंटा ऐकली आणि या वाट्या मोजल्या. रोज सहाच येणार हे त्याला पाठ झाले, तेव्हा त्याने आग सहापुरतीच ठेवली. त्याला वाटते दुष्काळ आहे, आणि तो इमानाने कोठार राखतो आहे."

"मग तीन वाट्या दिल्या तर?"

"आग तिनापुरती करील. राजा पडेल, कोठार राहील."

"आणि वाढवल्या तर कोठार भरेल."

"रोज वाढवल्या तर. उद्या काय येणार हे त्याला कळू देऊ नकोस. एक दिवस थोडे, एक दिवस भरपूर. पण सात दिवसांची बेरीज आज आहे तीच राहू दे. बेरीज चुकलीस तर माझ्याकडे येऊ नकोस."

"याला पुरावा काय?"

"पुरावा तराजूवर," क्रौंच म्हणाला, आणि मासा पकडण्यात गुंतला.

ती परतली. पंचवीस दिवस उरले होते. सात दिवसांच्या बेचाळीस वाट्या तिने खड्यांनी मांडल्या आणि पुन्हा वाटल्या. चार, आठ, पाच, नऊ, चार, सात, पाच. तीनदा बेरीज पडताळली. मग घंटेचा लोळा काढून सोमंभटाच्या हाती दिला, आणि त्या सकाळी सहाऐवजी चार वाट्या राजापुढे ठेवल्या.

राजाने ताटाकडे पाहिले, मग तिच्या हाताकडे. "शर्वाणी."

"जेवावे, महाराज. उद्या आठ आहेत."

चौथ्या दिवशी नऊ वाट्या झाल्या. पाचव्या सूर्योदयाला दरबार भरला, वजने चढली, आणि शर्वाणीला वरून आणखी एक शेर ठेवावा लागला.

"दोन मण सात शेर."

दरबारात कुजबुज उठली. चित्रकेतूने हात जोडले, पण डोळ्यांत आग होती. "महाराज, मी कमी करा म्हटले तेव्हा बाईंना शपथ आठवली. आता नऊ वाट्या वाढताना ती आठवली नाही. यांच्याकडून माप काढून घ्यावे."

"शर्वाणी, उत्तर दे," राजा म्हणाला.

"काल पोटात अन्न अधिक गेले, त्याबरोबर पाणीही राहिले. त्याचा हा भार असावा."

"असावा?"

"असावा, महाराज. खात्री नाही. मला तीन दिवस द्या."

राजाने खिडकीबाहेर पाहिले. तिथून पलीकडचा कडा दिसे, आणि त्यावरचा लहानसा दगडही. "मी एकदा अतिथीला तीनदा थांबवले होते," तो म्हणाला. "तीन दिवस दिले."

ते तीन दिवस शर्वाणीला नीट जेवण गेले नाही. सातव्या संध्याकाळी तिची करंगळी तांब्याची झाली. वेदना नव्हती, फक्त दुसऱ्या बोटांना ती थंड लागे. आठव्या सूर्योदयाला तिने वजने ठेवली, उतरवली, पारडी पुसली आणि पुन्हा ठेवली.

"दोन मण साडेचार शेर."

चित्रकेतू चौथरा चढून आला आणि त्याने स्वतः वजने मोजली. मग खाली उतरून आपल्या जागी उभा राहिला.

दुसऱ्या सप्ताहात तिने तेच आकडे निराळ्या क्रमाने वाढले, तिसऱ्यात आणखी निराळ्या. जिने चढताना राजा आता कठडा धरीत नसे. अनामिका गेली, मधले बोट गेले. डाव्या हाताने तूप मोजायला ती शिकली. एका सकाळी सोमंभटाने न सांगता तिच्यासाठी ताट वाढून ठेवले. "यातल्या वाट्या मोजू नका," एवढेच तो म्हणाला.

चौथा सप्ताह पुरा व्हायला तीन दिवस असतानाच पौर्णिमा उगवली. काटा थरथरला आणि स्थिरावला.

"दोन मण," शर्वाणी म्हणाली, आणि थांबली. "वर पाव शेर."

पाव शेर म्हणजे ओंजळभर पाणी. पण पूल गुंजही सोडणार नव्हता.

"दरी इथून एक कोस," ती म्हणाली. "पालखी नको. महाराजांनी ऊन तापल्यावर चालत निघावे, तोवर आणि वाटेत पाणी पिऊ नये. घामाने तेवढे जाईल."

"असावे?" राजाने विचारले.

"जाईल. हे मी मोजलेले आहे."

राजा चालला. शर्वाणी मागून चालली. दरीपाशी पोहोचले तेव्हा सावल्या पायाशी आल्या होत्या आणि राजाचा पंचा भिजून अंगाला चिकटला होता. तोही त्याने सोडून लंगोटीनिशी पुलावर पाय ठेवला.

पहिल्या पावलाला एक धागा तुटला. मध्यावर दुसरा. राजा उभा राहिला, पूल झुलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली, मग चालू लागला. शर्वाणीने डोळे मिटले नाहीत. मिटले तर निरीक्षण चुकले असते, आणि हे निरीक्षण तिला चुकवायचे नव्हते. पलीकडचा कडा हाताभर उरला असता तिसरा धागा तुटला. चौथा तुटला नाही.

राजाने दगडाच्या मस्तकावर हात ठेवला. दगड शिंकला.

तेवढ्यात मध्यान्ह झाला. दरीवर दगडी पूल उभा होता, आणि राजा लेकीला कडेवर घेऊन त्यावरून परत येत होता. अलीकडे येताच तो शर्वाणीपुढे थांबला आणि तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "ही शपथ मी परत घेतो," तो म्हणाला. बोटे एकेक करून तांबूस झाली, मग गुलाबी, मग नुसती बोटे झाली.

त्या दिवसापासून तराजू दरबारातून धान्याच्या कोठारात गेला. घंटेला लोळा पुन्हा बसवला गेला, पण आता अतिथीची वर्दी आली की ती वाजे आणि राजा ताटावरून उठे.

त्याच दुपारी केतकी मुदपाकखान्यात पाटावर बसली. एक वर्ष तिच्या पोटात काही गेले नव्हते.

"भूक लागली," ती म्हणाली.

"किती वाढू?" शर्वाणीने विचारले. हात सवयीने रुप्याच्या वाट्यांकडे गेला होता.

"मी पुरे म्हणेपर्यंत," केतकी म्हणाली.

शर्वाणीने वाट्या बाजूला सारल्या. उजव्या हाताने तिने भाताची मूद उचलली. बोटांना ती चांगलीच पोळली. तिने मूद ताटात ठेवली, मग दुसरी ठेवली, आणि ती किती झाली हे मोजले नाही.