सरकलेला ओढा

मुलांनो, एका डोंगरउतारावर ससा आणि साळिंदर शेजारी राहत होते. मधून ओढा वाहायचा. अलीकडची जमीन सशाची, पलीकडची साळिंदराची. एका पावसाळ्यात दरड कोसळली. साळिंदराचे बीळ गाडले गेले आणि ओढ्याने वाट बदलली. सशाची गवताची पट्टी ओढ्यापलीकडे गेली, तेव्हा साळिंदराने पिल्लांसाठी तिथे नवे बीळ केले. "ओढा हीच आपली हद्द," साळिंदर म्हणाले. "ओढा सरकला, माझी जमीन नाही सरकली," ससा म्हणाला. खोटे कोणीच बोलत नव्हते, म्हणून भांडण मिटेना.

न्याय मागायला दोघे दूरच्या डोंगरावर वाघाच्या दरबारी गेले. दाराशी कोल्हा बसलेला. "महाराज झोपलेत. पुढच्या पौर्णिमेला या." पौर्णिमेला गेले, तर महाराज शिकारीला गेलेले. अशा कित्येक पौर्णिमा गेल्या. दोघे एकाच वाटेने जात, पण अंतर राखून, न बोलता. इकडे त्या पट्टीवरच्या गवतात काटेरी झुडपे माजली.

एकदा परतताना सशाचा पाय उचलेना. तो वाटेतच बसला. मागून साळिंदर आले, पुढे जाऊ लागले आणि तेही सावलीत टेकले.

"तुला अजून जिंकायचंय?" सशाने विचारले.

"मला आता फक्त घरी राहायचंय," साळिंदर म्हणाले.

मग दोघांनी ओढ्यातल्या म्हाताऱ्या कासवाला बोलावले. आजूबाजूचे प्राणीही जमले. सगळ्यांनी ओढ्याचे जुने पात्र पाहिले, दोघांचे ऐकून घेतले. कासव म्हणाले, "सशा, पट्टी तुझी. पण पिल्लांच्या बिळाभोवतीचा तुकडा साळिंदराला सोड. आणि साळिंदरा, यापुढे ओढा कुठेही गेला तरी हद्द हलणार नाही."

"नाही हलवणार," साळिंदर मान खाली घालून म्हणाले.

ससा त्या पट्टीकडे पाहत म्हणाला, "कासवआजोबा, सगळीच माझी होती हो."

"होती, बाळा. आम्हालाही ठाऊक आहे. पण त्या पिल्लांना उघड्यावर काढून तुला तिथे चरवेल का?"

सशाने एक दगड ढकलत हद्दीवर आणला. साळिंदराने दुसरा आणला. आनंद कोणालाच झाला नव्हता. पण त्या संध्याकाळी ससा आपल्या गवतात चरत होता, पलीकडे पिल्ले खेळत होती, आणि कोणी कोणाला हुसकावत नव्हते.

तात्पर्य : पूर्ण न्यायासाठी दूरच्या दारात झिजत राहण्यापेक्षा, शेजाऱ्यांसमोर थोडे सोडून मिळवलेला न्याय जगायला पुरतो.