प्रभूचं ताट

राजांची गलबतं वाऱ्यावर चालत, तेव्हाची ही गोष्ट. फार मागची. खाडीच्या काठी एक लहानसं गाव होतं. गावात दगडी देऊळ होतं, त्यावर लाकडी क्रूस होता, आणि संध्याकाळी घंटा झाली की घरोघर प्रार्थना होई.

त्या गावाची एक रीत होती. रात्री जेवायला बसताना प्रत्येक घरात एक ताट जास्तीचं मांडत. ताट कसलं, मातीचं परळच ते. पण त्याला म्हणत प्रभूचं ताट. दार उघडं असे. वाटेवरून जो येईल तो त्या ताटावर बसे आणि घरच्यांबरोबर जेवे. तू कोण, असं त्याला कुणी विचारत नसे. त्यालाही मागावं लागत नसे.

त्या गावात एक दोरवाला राहत होता. तो आणि त्याची बायको काथ्याचे दोर वळत. मूलबाळ नव्हतं. त्यांच्याकडे रोज एक म्हातारा नावाडी जेवायला येई. आयुष्यभर त्याने लोकांना खाडीपार नेलं होतं. आता हात थरथरत, वल्हं धरवत नसे. जीभ मात्र शाबूत होती.

"पोरी, आज कालवणात मासा आहे, की नुसता पोहून गेलाय?" तो विचारी.

"गेलाय बाबा. तुमच्याच होडीत बसून गेला," ती म्हणे.

तिघं हसत. मग दोरवाला हात जोडून म्हणे, "प्रभू, तू दिलंस, पुष्कळ झालं." पेजेचं भांडं लगेच रिकामं होई, पण उपाशी उठलो असं कुणाला वाटत नसे.

पुढे राजाने मोठी गलबतं बांधायला काढली. त्यांना दोर लागले, आणि दोरवाल्याचे दोर चांगले होते. त्याची भरभराट झाली. तेव्हा त्याच्या मनात आलं, प्रभूने आपल्याला एवढं दिलं आणि आपण त्याला मातीच्या परळात वाढतो? त्याने शहरातून चांदीचं ताट आणलं. त्याचं मन चांगलं होतं, हे विसरू नका.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "आता शोभतं."

पण चांदीचं ताट उघड्या फळीवर कसं ठेवायचं? म्हणून कपाट आलं. कपाटाला कुलूप आलं. आणि कुलपाच्या घराचं दार उघडं कसं टाकायचं? म्हणून दाराला अडसर आला, अंगणाला कुंपण आलं, आणि कुंपणाच्या आत एक कुत्रा आला.

पहिल्याच संध्याकाळी नावाडी आला. पायांना खाडीचा चिखल होता. ताट पाहून तो म्हणाला, "अरे बाप रे! राजा येणार आहे की काय जेवायला?"

तो बसणार, तोच दोरवाला पुढे झाला. "बाबा, हात थरथरतात तुमचे. ताट पडलं तर पोचा येईल. तुम्ही आज पडवीत बसा. पानावर वाढतो. दोन घास जास्तच वाढतो."

नावाडी पडवीत बसला. पानावर रोजच्यापेक्षा जास्त भात होता, माशाचा मधला तुकडा होता. आत दोघं जेवत होती. त्या रात्री त्याने थट्टा केली नाही. थोड्याच दिवसांत तो येईनासा झाला.

तो दुसऱ्या घरी का गेला नाही, असं तुम्ही विचाराल. दोरवाल्याचं ताट साऱ्या गावाने पाहिलं होतं. ज्याला त्याला आपलं परळ डोळ्यांत खुपू लागलं. जो तो म्हणे, निदान पितळेचं घेऊ आणि मग मांडू. असं करत एकेका घरातलं प्रभूचं ताट उठलं. दारं लागली. घंटा झाली की नावाडी वाटेने चालत जाई आणि आपल्या खोपटात परत येई. उघड्या दारातून आत जाणं त्याला ठाऊक होतं. दार वाजवून मागणं त्याला कधी जमलंच नाही.

दोरवाल्याची बायको त्याला भात नेऊन देई. सकाळी पाही, तर भात तसाच.

"बाबा, खाल्लं का नाहीत?"

"एकट्याला घास उतरत नाही गं पोरी."

"मग घरी चला."

"त्याने बोलावलं तर येईन," नावाडी म्हणाला.

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, म्हातारा सुकत चाललाय. तुम्ही उठवलंत, तुम्हीच बोलवा."

"जातो ना. हे गलबताचं काम संपू दे."

काम संपलं, दुसरं आलं. मग राजाचा कारभारी ताट बघायला येणार होता. मग पडवीला नवे खांब लावायचे होते. दोरवाल्याकडे आता सगळं होतं. पण जेवताना "पुष्कळ झालं" म्हणणं कधी बंद झालं, ते त्याला कळलंही नाही.

एक दिवस बायको खोपटातून रडत आली. "आज नाही गेलात, तर मग जन्मभर त्या ताटालाच राखत बसा."

दोरवाला घाबरला. त्याने कपाट उघडलं, चांदीच्या ताटात भात वाढला आणि धावत गेला.

"बाबा, उठा. बघा, तुमच्यासाठी कशात आणलंय!"

नावाड्याने डोळे उघडले. "छान आहे रे," तो म्हणाला. "पण धरून हात भरून येतील तुझे. ठेव खाली. बस जरा माझ्यापाशी."

दोरवाला बसला. त्याने घास भरवला, तो ओठांवरच राहिला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. त्या हाताची थरथर हळूहळू कमी झाली, आणि मग थांबली.

माती दिल्यावर दोरवाला ताट घेऊन देवळात गेला. "पाद्रीबाबा, मी हे प्रभूसाठीच आणलं होतं हो."

"ठाऊक आहे मला," पाद्रीबाबा म्हणाले. "पण मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने आपल्या माणसांकडे काय मागितलं? माझ्याजवळ थांबा, एवढंच."

"मग हे देवळात तरी ठेवा."

"नको बाळा. मग देवळालाही कुलूप लावावं लागेल."

दोरवाल्याने ताट विकलं आणि गावातल्या भुकेल्या घरांत तांदूळ पोचवला. कुंपण काढलं, अडसर काढला. कुत्रा मात्र राहिला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे शेपूट हलवू लागला. दोरवाला आता लागेल तेवढेच दोर वळी. संध्याकाळी जो येई त्याला आपल्या शेजारी बसवी, प्रभूचे आभार मानी आणि जेवे. थोडं असे, पण पुरे. हळूहळू गावातली दुसरी दारंही उघडली.

त्याला समाधान मिळालं. पण वाटेवर कुणा म्हाताऱ्याचं पाऊल वाजलं, की त्याच्या हातातला घास हातातच राही. बायको पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवी.

घरात प्रभूसाठी जागा असली की थोडंही पुरतं. ती जागा वस्तूंनी भरली की कितीही असलं तरी पुरत नाही.