राजाने घेतलेली अलाबला

एका राज्यात राजवाड्यापेक्षा एका बाईची बंदूक जास्त प्रसिद्ध होती. बाईचे नाव आवडाई. नाव मोठे प्रेमळ, पण लुटारूंना ती मुळीच आवडत नसे. खांद्यावर ठासणीची लांब बंदूक, कमरेला चामड्याचा बटवा आणि बटव्यात तीन गोळ्या. एका जादूगार लोहाराने त्या ओतल्या होत्या. त्यांतली गोळी कधी चुकत नसे, आणि चौथी ओतायला तो लोहार आता या जगात नव्हता. म्हणून आवडाई गोळी झाडण्याआधी दहादा विचार करी. लुटारू तेवढा वेळ थांबत नसत, त्यामुळे तीन गोळ्या पंधरा वर्षे पुरल्या होत्या.

तिचे म्हणावे असे एकच माणूस होते, धाकटा भाऊ निंबाजी. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता, तेव्हापासून आवडाईच त्याची आई. बंदुकीला तेल घालायची तशी ती त्याच्या डोक्यालाही घाली आणि दोघांवर सारखीच खेकसे. मोठा होऊन तो विणकर झाला. त्याच्या हातचा शेला अंगठीतून आरपार जाई.

राजा भद्रसेनाचा एकुलता एक मुलगा शार्दूल, वय वर्षे बावीस. त्याने निंबाजीकडून शेला विणून घेतला आणि काठात एक गाठ राहिलेली पाहिली. एक गाठ, ती लहान. शार्दूलने निंबाजीचा उजवा हात चौकटीत धरला आणि दार लोटले. चार बोटे मोडली.

आवडाई बोटांना कामट्या बांधत होती, तेव्हा निंबाजी म्हणाला, "आक्का, तो हसला नाही गं. मी ओरडलो तर म्हणाला, तुला काय होतंय? अगदी खरं विचारलं त्यानं."

आवडाईचे तिकडे लक्ष नव्हते. भाऊ पुन्हा मागावर बसेल की नाही, एवढे एकच तिच्या डोक्यात होते.

त्या राज्याचा एक जुना रिवाज होता. नगराच्या मध्यावर न्यायाचा चौथरा होता. ज्याने कुणाला इजा केली त्याने तिथे अनवाणी उभे राहायचे, ज्याला इजा झाली त्याचे ऐकून घ्यायचे आणि तो सांगेल ते करायचे. शार्दूलची वाट पाहून आठ जण त्या चौथऱ्यावरून आधीच परत गेले होते. दरवेळी राजाकडून वैद्य येई, औषध येई, शालजोडी येई. मुलगा काही येत नसे.

आवडाई थेट दरबारात गेली. उन्हाळा ऐन भरात होता, दरबारी घामाने निथळत होते, आणि राजा मात्र गळ्यापासून घोट्यापर्यंत जाड अंगरख्यात गुरफटून बसला होता.

"महाराज, कुवरांना चौथऱ्यावर पाठवा," ती म्हणाली. "नाही पाठवलेत, तर जिथे दिसतील तिथे मी त्यांना गाठेन. माझी गोळी चुकत नाही."

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "माझी तीन कामे कर. मग मुलगा तुझ्यासमोर उभा करीन. हा शब्द."

तीन कामे आणि तीन गोळ्या. राजाचा डाव न कळण्याइतकी आवडाई भोळी नव्हती. पण या राजाने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, आणि मुलगा एकदा समोर आला की रिकाम्या बंदुकीचा दस्तासुद्धा तिला पुरणार होता. ती बरे म्हणाली.

पहिले काम खिंडीतले. तिथे एक सावली राहत असे, जिला शरीर नव्हते, आणि ती वाटसरू गिळत असे. सावलीला गोळी लागत नाही. आवडाईने एक दिवस उन्हात बसून ती कुठून पडते ते पाहिले. कड्याच्या टोकावर एक काळा स्फटिक होता. तो तिने पहिल्या गोळीने फोडला आणि सावली उन्हात विरून गेली. पोटातले सात वाटसरू कपडे झटकत उठले आणि एकमेकांना वाट विचारू लागले.

आवडाई परतली, तेव्हा वाड्याच्या दारात शार्दूल घोड्यावरून पडला होता आणि हसत उठत होता. अंगावर ओरखडासुद्धा नाही. आत राजाच्या कपाळावर मात्र ताजी पट्टी होती. तिने ते पाहिले आणि मनात ठेवले.

दुसरे काम बारवेतले. तिच्या तळाशी शापित धनाचा हंडा होता. हात लावील त्याचा दगड होई, म्हणून बारवेच्या पायऱ्या हावऱ्या माणसांच्या पुतळ्यांनी भरल्या होत्या. हंड्यावर एक म्हातारा नाग बसलेला. आवडाईने त्याला अदबीने जरा सरकायला सांगितले आणि वरूनच दुसऱ्या गोळीने हंडा फोडला. धनाचे बेडूक झाले आणि उड्या मारत गेले. पुतळे माणसे होऊन घरी गेले. पाचशे वर्षे एका जागी बसून अंग धरले होते, असे सांगून नागाने तिचे आभार मानले.

ती परतली तेव्हा शार्दूल संतापाने खांबावर मुठी आपटत होता. त्याचे हात धड होते. सिंहासनावरच्या राजाने दोन्ही हात अस्तनीत ओढून घेतले होते आणि ओठ घट्ट दाबले होते. नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांतून असल्या गोष्टी सुटत नाहीत.

"रानातल्या ओसाड मठीत पिंजरा आहे, त्यात साळुंकी आहे," राजा म्हणाला. "तिला मारून आण."

हे सांगताना त्याने खाली पाहिले. एवढा मोठा राजा एका पाखराला का भितो, याचा विचार करत आवडाई मठीत पोचली. साळुंकी तिला पाहून शहाण्या माणसासारखी बोलू लागली. मुलाच्या जन्मादिवशी ती राणीच्या खिडकीत बसली होती. राणी बाळंतपणात गेली. राजाने त्या आईवेगळ्या पोराच्या तोंडावरून हात फिरवले, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली आणि त्याची सगळी दुखणी मला लागोत असे म्हणाला. अशी अलाबला घरोघरी आत्या-मावश्या रोज घेतात आणि काही होत नाही. पण त्या दिवशी दारात एक सिद्ध जोगीण भिक्षेला उभी होती. तिला राजाची माया फार आवडली, आणि ती तथास्तु म्हणाली.

त्या दिवसापासून पोर पडले की दुखे बापाला. पोराला मुंगी चावली तरी गांधी उठे बापाच्या अंगावर. मुलाला हे कळले तर तो आपले दुखणे परत मागेल, या भीतीने राजाने साळुंकीला कोंडले होते.

"कधी ठेचच लागली नाही त्याला," आवडाई स्वतःशी म्हणाली, आणि निंबाजीचे बोलणे तिला आठवले. तिने तिसरी गोळी पिंजऱ्याच्या कुलपावर झाडली.

भर दुपारी ती दरबारात आली, तेव्हा साळुंकी तिच्या खांद्यावर जिवंत बसली होती. राजाचा चेहरा उतरला.

"मी मारून आण म्हटले होते."

"दोन कामे केली, महाराज. तिसरे करणार नाही."

"मग माझा शब्द सुटला. मुलगा येणार नाही."

पण मुलगा आपणहून आला होता. भीती त्याला ठाऊकच नव्हती. त्याने बंदुकीच्या नळीला कपाळ लावले आणि म्हणाला, "झाड. मला काही होत नाही."

"तुम्हाला होत नाही. कुणाला होते, ते बघा." आवडाईने बटव्यातून बंदुकीचा कान, म्हणजे बत्तीचे भोक, साफ करायची सुई काढून त्याच्या हाती दिली. "तळहाताला टोचा. बघा मात्र आबासाहेबांकडे."

शार्दूलने खांदे उडवून सुई टोचली. राजाने हात झटकन अस्तनीत घेतला. अस्तनीतून रक्ताचा थेंब फरशीवर पडला.

शार्दूल सिंहासनापाशी गेला, आणि राजा नको नको म्हणत असता त्याने अंगरख्याचे बंद सोडले. आत तीळ ठेवायला जागा नव्हती, इतके व्रण. त्याला एकेक व्रण ओळखू येऊ लागला. हा आंब्यावरून पडलो तो. हा तलवारीचा. ही कालची मूठ.

"म्हणून तुम्ही मला कधी जवळ घेतले नाही?"

"घेतले असते, तर कळवळलो असतो," राजा म्हणाला. "तुला कळले असते, तर तू आंब्यावर चढला नसतास."

"मला वाटले, मी तुम्हाला नकोसा आहे."

आवडाईचे मन भरून आले, पण मोडलेली बोटे ती विसरली नव्हती. ती म्हणाली, "महाराज, तुम्ही याचे दुखणे घेतलेत. माझ्या निंबाचे कुणी घेतले? ज्याला स्वतःचे दुखत नाही, त्याला दुसऱ्याचे कसे कळावे?"

तेव्हा साळुंकीने त्या दिवशी खिडकीतून पाहिलेले सगळे सांगितले आणि उपायही सांगितला. मुलाने आपल्या मर्जीने बापाची तशीच अलाबला घेतली, तर ज्याचे त्याला परत जाईल. राजाने तोंड फिरवले. शार्दूलने ते दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर दहाही बोटे मोडली.

बावीस वर्षांचे दुखणे एकदम आले. तो आई गं म्हणून खाली कोसळला. आईला त्याने कधी पाहिले नव्हते, शब्द आपसूक आला. राजाने त्याचे डोके मांडीवर घेतले. तीन दिवस ते त्याने खाली ठेवले नाही, आणि आता घट्ट धरले तरी त्याला कुठे दुखत नव्हते.

चौथ्या दिवशी शार्दूल अनवाणी चौथऱ्यावर आला. दगड तापलेला होता. त्याने पाय हलवले, पण खाली उतरला नाही. आधीचे आठही जण आले. एकेकाचे ऐकताना तो ज्याचे त्याचे दुखरे अंग आपल्या अंगावर चाचपून बघत होता. शेवटी निंबाजी उभा राहिला. त्याने पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "माझी बोटे जुळेपर्यंत कुवरांची वापरीन."

तेव्हापासून शार्दूल रोज विणकराच्या घरी मागावर बसू लागला. पहिल्या शेल्यात गाठीच गाठी. निंबाजीने त्या नुसत्या मोजल्या. शार्दूलनेच एकदा दाराकडे पाहिले आणि बोटे काखेत लपवली. आवडाई तोंडाला पदर लावून हसली. तिची बंदूक खुंटीवर होती आणि तिच्या नळीत चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या.

एके सकाळी राजा मुलाचे काम पाहायला आला. तेवढ्यात आडवे सूत नेणारा धोटा निसटून शार्दूलच्या अंगठ्यावर बसला. शार्दूल कळवळला. राजाने सवयीने आपला अंगठा पाहिला. अंगठ्याला काही झाले नव्हते. तो माग धरून तसाच उभा राहिला. मुलाचे दुखले की काय करायचे, ते त्याला बावीस वर्षांत कधी करावेच लागले नव्हते.

"महाराज," आवडाई हळूच म्हणाली, "फुंकर घाला."

राजा गुडघ्यांवर बसला, मुलाचा अंगठा हातात घेतला आणि फुंकर घातली. जशी त्याला मिळाली, तशी ठेच लागलेल्या प्रत्येकाला मिळो.