काचेला न कळलेली नांगी

फार वर्षांपूर्वी एका ओढ्याकाठी पिल्लांची हुशारी तपासायला एक माकड चमकती काच घेऊन आलं. काचेत मऊ बोटाच्या स्पर्शानं हलणारं चित्र होतं: त्यात एक मुंगी होती, ओढा होता आणि काठावर पान होतं.

"बोट फिरव आणि मुंगीला पलीकडे ने," माकड खेकडीच्या पिल्लाला म्हणालं.

पिल्लानं नांगी फिरवली. टणक नांगीनं काचेतलं काहीच हलेना.

"तिला पानावर बसवायचं!" पिल्लू रडवेलं होऊन ओरडलं.

"अहो, बरोबर सांगतोय ना तो?" खेकडीनं विनवलं.

"तोंडी उत्तर धरत नाहीत, बाई." माकडानं 'अक्कल शून्य' लिहिलं.

पुढे एकदा चिखलानं बिळाचं तोंड बुजलं. "बाळा, वाट कुठून काढायची रे? नेहमी तुलाच सुचतं," खेकडी म्हणाली.

"मला कुठे अक्कल आहे, आई?" पिल्लू म्हणालं आणि नांग्या पोटाशी घेऊन बसून राहिलं.